उबेतला ऱ्हस्व उ

आलेल्या पत्राला त्याच आठवड्यात उत्तर, हा वेलांटीकाकांचा शिरस्ता. शाईच्या कंपनीने छापील शुभेच्छापत्र पाठवलं तरी ते आभाराचं कार्ड टाकत आणि काकू म्हणत, "आता ते तुमच्या आभाराचे आभार मानतील." एवढा चोख माणूस, पण सुनेच्या एका पत्राला त्यांनी उत्तर दिलं नव्हतं. ते पत्र शब्दकोशात खुणेसारखं राहून गेलं होतं. काका शब्दकोश उघडत, पत्र उचलून बाजूला ठेवत, हवा तो शब्द पाहत आणि पत्र पुन्हा आत सरकवून देत. उलगडून वाचायची गरज नव्हती. ते तोंडपाठ झालं होतं.

"बाबा," तिने लिहिलं होतं, "आमचा खेळ एकदाचा तयार झाला. सोबत खोक्यात सगळं पाठवलंय, चालू कसं करायचं ते या कागदाच्या मागे आहे. आयुष्यभर तुम्ही लोकांच्या चुका शोधल्यात, आता आमच्याही शोधा. गुण आणि दोष, दोन्ही लिहा. दोष आधी लिहा, म्हणजे गुण शेवटी वाचून झोपता येईल. आणि फोनवर सांगू नका. फोनवर तुम्ही नुसतं 'बरं' म्हणता. मला तुमचं पत्र हवंय."

वेलांटीकाका हे नाव छापखान्याने दिलेलं. तिथे ते मुद्रितशोधक होते. छपाईला जाण्याआधी मजकुराची कच्ची प्रत त्यांच्या टेबलावर येई आणि ते समासात लाल शाईने चुका काढत. माणूस इतका भिडस्त, की मालक समोर आले तर खुर्चीवरून उठून उभे राहत आणि काय बोलायचं ते विसरून जात. पण कागदावर वेलांटी चुकलेली दिसली की हाच माणूस वाघ होई. बागेत फिरायला गेले तरी त्यांना आधी पाटीवरची चूक दिसे, मग फुलं.

खेळाचं नाव 'आडरान'. यंत्राची बाजू मुलाची, चित्रांची सुनेची. एका अनोळखी रानात आपल्याला रिकाम्या हातांनी जाग येते. तिथे संध्याकाळ झाली की झाडं जागा बदलतात, धुक्याची जनावरं वास काढत हिंडतात आणि गारठा पाठ सोडत नाही. लाकूड तोडायचं, दगड फोडायचा, वेलींचा दोर वळायचा, त्यातून कुऱ्हाड करायची, खोपटं उभारायचं, चूल पेटवायची आणि जगायचं. पडद्याच्या तळाशी तीन शब्द: भूक, तहान, उब. ते सुनेने स्वतःच्या हाताने काढलेले. पोट रिकामं झालं की 'भूक' खंगत जाई, पाणी संपलं की 'तहान'ला भेगा पडत आणि थंडी वाढली की 'उब'मधला उ अंग चोरून बसे.

पत्र आलं त्याच आठवड्यात काकांनी भीत भीत खेळ लावला. एकट्यानेच. रान दिसायच्या आधी त्यांना दिसला तो शब्द. ऊब दीर्घ असते. मग ते रानात शिरले आणि गारठून मेले. पुन्हा शिरले आणि पुन्हा मेले. चार दुपारी मरण्यात घालवल्यावर त्यांनी दोन कागद घेतले, एकावर 'दोष' लिहिलं, एकावर 'गुण'. दोषांचा कागद भरला. गुणांचा कोरा राहिला. जन्मभर चूक शोधायची सवय लागलेला हात, चांगलं काय आहे ते लिहायला वळेना. कोरा कागद पाठवायचा कसा, म्हणून भरलेलाही पाठवला नाही.

शेवटी सुनेचाच फोन आला.

"बाबा, लावून पाहिलात?"

"पाहिला."

"मग?"

समोर दोषांचा अख्खा कागद होता. काकांनी त्यातला तिला कमीत कमी लागेल असा एक निवडला.

"ऊब दीर्घ असते," ते म्हणाले.

तिकडून ती हसली. "बरं बाबा. करते दीर्घ."

"बाकीचं पत्रात लिहितो."

"लिहा. वाट बघते."

तिचं दुखणं तेव्हा सुरू झालेलं होतं. हे काकांना कळलं ते तिने हॉस्पिटलात खाट धरल्यावर. आजारी माणसाला दोष काय लिहायचे? आणि नुसते गुण लिहिले तर ते खोटे वाटतील. ती बरी होऊन घरी आली की लिहू, असं ते स्वतःला सांगत राहिले. ती घरी आली नाही.

या गोष्टीला आता वर्ष होत आलं होतं. मुलगा गावाच्या दुसऱ्या टोकाला एकटा राहत होता. आईला फोन करायचा, बाबांना "बरे आहात ना" विचारायचा, आणि बाबा "बरं" म्हणायचे. त्या दिवशी मात्र त्याने फोनवर बाबांनाच मागितलं.

"बाबा, 'दुरुस्ती'तला रु कुठला?"

"पहिला. ऱ्हस्व. का रे?"

"सूचना लिहितोय. 'आडरान'ची शेवटची दुरुस्ती करतोय. राहिलेल्या चुका काढतो आणि त्या खेळाला पुन्हा हात लावायचा नाही, असं ठरवलंय. शनिवारी सोडतो. तुमचा ऊसुद्धा होतोय दीर्घ."

"माझा?"

"तुम्ही काढलेली चूक ना ती. ती करणारच होती. पण नंतर तिच्या हातात पेन्सिल ठरेना. तिच्यासारखं अक्षर मला काढता येत नाही. म्हणून तिन्ही शब्द छापील टाइपात टाकतोय. एकच बदलला तर विजोड दिसतो."

"अरे, पण तिच्या हातचं..."

"नियमाने ऊबच ना, बाबा?"

काकांना खोटं बोलता येत नव्हतं, निदान शुद्धलेखनात तरी नाही. "हो," ते म्हणाले. "नियमाने ऊबच."

"मग झालं तर. तिने तुम्हाला शब्द दिला होता." आणि फोन ठेवता ठेवता, जणू सहज, तो म्हणाला, "तुमच्या पत्राची वाट बघत होती ती. टपाल आलं का, रोज विचारायची. एकदा म्हणाली, बाबांना तेवढंच दिसलं वाटतं."

काकूंनी स्वयंपाकघरातून विचारलं, "काय म्हणतोय?" काकांनी सगळं सांगितलं. एरवी एका वाक्यात तीन टोमणे मारणाऱ्या काकू कढईवर झाकण ठेवून, हात पुसून बाहेर आल्या आणि खुर्चीच्या कडेवर टेकल्या.

"मग सांगा ना त्याला, नको बदलू म्हणून."

"काय म्हणून सांगू? चूक ती चूक. मीच काढलेली. नियमाने बरोबर आहे तो."

"नियम गेला खड्ड्यात."

"आजवर मी कुणालाच असं म्हटलं नाही ग. आज घरातलं अक्षर आहे म्हणून म्हणू?"

काकूंनी सुस्कारा टाकला. "तुम्ही तो खेळ नीट खेळलात तरी का?"

"मेलो की चारदा. चारदा कसला, जास्तच."

"मेलात ते ठाऊक आहे. खेळलात का, विचारतेय."

काकांनी कपाटावरचं खोकं खाली काढलं, धूळ झटकली. आत तळाशी, प्लॅस्टिकच्या वेष्टनात, खेळ हाताळायचा आणखी एक कंट्रोलर होता. दुसरा. त्याचं वेष्टन कुणी फोडलेलं नव्हतं. काकांनी शब्दकोशातलं पत्र काढून पहिल्यांदाच मागची बाजू शेवटपर्यंत वाचली. चालू करायच्या सूचनांच्या खाली, कागद संपत आला म्हणून बारीक अक्षरात, लिहिलं होतं: "आईंनाही बसवा. हा दोघांचा खेळ आहे."

तोंडपाठ झालं होतं ते पुढचं पान.

काकूंनी नखाने वेष्टन फाडलं. "द्या इकडे. कुठलं बटण?"

दुपारचं ऊन खिडकीतून पडद्यावर येत होतं, म्हणून त्यांनी चादर टांगली. रान उजाडलं. दोन माणसं, एक ओढा, दूरवर डोंगर.

"मी स्वयंपाकघर बांधणार नाही हं," काकूंनी आधीच बजावलं. "आयुष्यभर तेच केलंय. मी हिंडणार."

"हिंडायला गेलीस की गारठशील."

"मग तुम्ही चूल पेटवून ठेवा. एकदा तरी."

काका लाकूड तोडू लागले. कुऱ्हाड मोडली. दुसरी केली, तीही मोडली. काकू कुठच्या कुठे पोचल्या.

"अहो, हा दगडच आहे का?"

"दगडच. फोड."

"डोळे उघडले त्याने."

"मग कासव असेल. तिथून नीघ."

"सॉरी हं," काकू पडद्यातल्या कासवाला म्हणाल्या, आणि ते ऐकून काकांना तशाही स्थितीत हसू आलं. कासवाच्या पाठीवर गवत उगवलेलं होतं आणि त्याची एक पापणी दुसरीपेक्षा हळू मिटत होती. मागे त्यांनी याच कासवावर दगड समजून कुऱ्हाड चालवली होती आणि 'दगड फुटत नाही' असं दोषांत लिहून ठेवलं होतं.

थोड्या वेळाने काकूंना धुक्याच्या जनावराने गाठलं.

"मेले मी. आता?"

"आता ओढ्यापाशी पुन्हा जाग येईल. मग मेलीस तिथे परत जाऊन आपलं सामान आणायचं."

काकू पडद्याकडे बघत राहिल्या. ओढ्याकाठी त्यांचं माणूस उठून बसलं, डोकं झटकून उभं राहिलं.

"इथे बरं उठता येतं," त्या म्हणाल्या.

सामान आणायला ते दोघं मिळून गेले. परत येईतो रानात अंधारून आलं, झाडं पाय ओढत जागा बदलू लागली. काकांनी बांधलेलं खोपटं एका अंगाला कललेलं होतं. त्यांनी चूल पेटवली. तळाशी 'उब'मधला उ नेहमीसारखा पोटाशी गुडघे घेऊन बसलेला होता आणि ब त्याच्यापासून लांब, पाठ फिरवून. काकांना ते चित्र ओळखीचं होतं. एकट्याने चूल पेटवल्यावर उ थोडा तांबूस व्हायचा, एवढंच.

"त्या ओंडक्यावर बसता येतं वाटतं," काकू म्हणाल्या आणि त्यांचं माणूस जाऊन बसलं. काकांनीही आपलं माणूस शेजारी नेऊन बसवलं.

तळाशी उ हलला. आधी मान वर काढली, मग गुडघे सोडले. ब हळूच वळला. थंडीत पांघरुणाखाली सरकावं तसा उ त्याच्याकडे सरकत गेला आणि त्याच्या पोटाला टेकून थांबला. दोन्ही अक्षरं निखाऱ्यासारखी उजळली.

काकांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. "असं आधी होत नव्हतं."

"आधी तुम्ही एकटे होतात."

काका खुर्चीतून उठून पडद्याजवळ गेले. छपाईची प्रत तपासावी तसं त्यांनी त्या अक्षरांवर बोट ठेवलं. दीर्घ ऊला उजव्या अंगाला शेपटी असते. ती बरोबर उ आणि ब यांच्यामध्ये येते. दीर्घ केला असता तर त्या दोघांना एकमेकांना टेकता आलं नसतं.

"तिने मुद्दाम केलं का हो?" काकूंनी हळूच विचारलं. "की चुकून?"

"ठाऊक नाही." काकांचं बोट अजून अक्षरांवरच होतं. "विचारायला हवं होतं. पत्रात."

चुलीतली लाकडं जळून गेली तरी दोघं ओंडक्यावरून उठले नाहीत. गारठा आला, उ पुन्हा आखडू लागला, आणि काकांनी घाईने एक ओंडका आत सारला.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते लिहायला बसले. पहिलंच घोडं अडलं ते मायन्यावर. जन्मभर लोकांचे मायने दुरुस्त केले, पण गेलेल्या माणसाला काय लिहितात हे त्यांना माहीत नव्हतं. त्यांनी तेवढी ओळ मोकळी सोडली.

"तुझ्या पत्राचं उत्तर द्यायला उशीर झाला. तू म्हणाली होतीस तसे दोष आधी लिहितो. कुऱ्हाड फार लवकर मोडते. थैली इतकी लहान की लाकूड घ्यावं तर पाणी राहतं. दिवसाचा बहुतेक वेळ काटक्या गोळा करण्यात जातो, आणि रान एवढं सुंदर काढलंस ते बघायला सवड मिळत नाही. दोर कसा वळायचा हे कुठे सांगितलेलं नाही. मी वेली खाऊन पाहिल्या. मेल्यावर सामान आणायला पुन्हा त्याच धुक्यात पाठवता, हे क्रूर आहे. एकट्या माणसाला हे रान जगू देत नाही, असंही मी दोषांत लिहिलं होतं. ते वाक्य आता कुठे ठेवावं, मला कळत नाही.

"गुण. ओंडका पडतो तेव्हा त्याचं वजन हाताला कळतं. स्वतः वळलेल्या दोराने बांधलेलं खोपटं कितीही कललेलं असो, ते सोडून जाववत नाही. कासवाची एक पापणी उशिरा मिटते. असं काढायला ते कासव आधी मनात पाहिलेलं असावं लागतं. तुझ्या सासूबाई त्याला सॉरी म्हणाल्या. वर्षभरात या घरात मी पहिल्यांदा हसलो, तो तुझ्या रानात.

"आता त्या शब्दाविषयी. ऊब दीर्घ, हे खरं. पण नियम मी तुला अर्धाच सांगितला. शब्द एकटा असतो तेव्हा तो दीर्घ असतो. त्याला काही जोडलं गेलं की तो ऱ्हस्व होतो. दूध, पण दुधात. फूल, पण फुलात. ऊब, पण उबेत. मी एकट्याने खेळलो, म्हणून मला दीर्घ हवा होता."

इथे काकांचा हात थांबला. पुढचं मुलाला लिहायचं होतं. तो खेळाचं यंत्र चालवणारा. उ सरकतो कसा, हे त्यानेच घडवलेलं. त्याला हे सगळं आधीपासून माहीत होतं, आणि माहीत असून तो ते पुसायला निघाला होता, कारण बायकोने सासऱ्यांना शब्द दिला होता.

काकू मागे येऊन उभ्या होत्या. "एवढं लिहिण्यापेक्षा फोन करा की."

"फोनवर मी काय बोलतो ते सगळ्यांनी ऐकलंय."

"मी लावून देते. 'नको बदलू' एवढं म्हणा."

"छापखान्यात काढलेली चूक तोंडी मागे घेता येत नाही. ज्याने काढली त्यानेच कागदावर घ्यायची असते. फोनवर ठिपके कसे देऊ?"

काकूंच्या चेहऱ्यावर हळूहळू काहीतरी उमटलं. ही खूण त्यांनाही ठाऊक होती. एखादा शब्द चुकीचा म्हणून खोडला, आणि मग कळलं की तोच राहायला हवा होता, तर त्याच्याखाली ठिपक्यांची ओळ द्यायची आणि समासात लिहायचं, 'आहे तसे'. मुलगा लहानपणी बाबांच्या टेबलाशी बसून अक्षरांआधी या खुणा शिकला होता.

"त्याचा तो शर्ट आठवतो?" काकू म्हणाल्या. "कोपरावर फाटलेला. मी फडक्यात टाकला तर लबाडाने सगळ्या काठाला शाईचे ठिपके देऊन ठेवले."

"आणि तुला तो परत धुवून द्यावा लागला."

"द्यावा लागला. ठिपके दिल्यावर काय करणार?" त्यांनी पदराने नाक पुसलं. "द्या. मोठे द्या. त्याला बारीक दिसत नाहीत हल्ली, तुमच्यावर गेलाय."

काकांनी मुलासाठी फार लिहिलं नाही. कितीदा लिहून पाहिलं आणि प्रत्येक वेळी ते पत्राऐवजी भाषण झालं. शेवटी एवढंच राहिलं: "तिने मला दिलेला शब्द मी तिला परत करतो. चूक माझ्या नावावर राहू दे. कुणी विचारलं तर सांग, मुद्रितशोधकाने पाहिलं आहे." त्याखाली त्यांनी मोठ्या अक्षरात 'उब' लिहिलं. उ ऱ्हस्व, ब त्याला टेकून. मग कपाटातली लाल शाई काढली. ती घट्ट झाली होती, थेंबभर पाणी घालावं लागलं. शब्दाच्या खाली त्यांनी एकामागून एक ठिपके दिले आणि समासात लिहिलं, 'आहे तसे'.

नियमात न बसणारं काही लाल शाईने त्यांनी जन्मात पहिल्यांदाच राखलं होतं. पण जिला ते दाखवायचं, ती टपालाची चौकशी करून करून गेली होती.

पाकिटावर पत्ता घालताना हात सवयीने चालला. वर सुनेचं नाव, खाली मुलाचं, जसं ते पूर्वी दोघांना लिहीत. लिहून झाल्यावर त्यांच्या लक्षात आलं. नवं पाकीट घ्यायला ते उठलेही. मग पुन्हा बसले. वरच्या नावाकडे बघत राहिले. ते नाव खोडलेलं नव्हतं, म्हणून त्याला ठिपक्यांचीही गरज नव्हती. त्यांनी तिकीट लावलं.

टपालपेटी कोपऱ्यावर, किराणा दुकानाच्या भिंतीला होती. रस्त्यात दुकानाच्या नव्या पाटीवर 'सुचना' असं ऱ्हस्व लिहिलेलं होतं. काकांना ते दिसलं, पण आज ते थांबले नाहीत. पेटीच्या तोंडाशी पाकीट धरून त्यांनी एकदा कान लावल्यासारखं केलं, आत आणखी पत्रं आहेत का ते बघायला. उद्या सकाळी ते मुलाच्या दारात पडणार होतं. शनिवार अजून परवा होता.

"सोडा आता," मागून काकू म्हणाल्या. "किती वाट बघायला लावाल?"

काकांनी पत्र सोडलं. आत पडल्याचा आवाज आला, बारीकसा, कागदावर कागद टेकावा तसा.